जोडकामाच्या कॅमेऱ्याची कुळकथा

जुन्या वस्तूवर कोरलेलें नांव आणि आंकडा म्हणजे त्या वस्तूचें जन्मपत्रच, अशी सर्वसाधारण समजूत असते. घड्याळाच्या तबकडीवर, शिवणयंत्राच्या अंगावर किंवा कॅमेऱ्याच्या माथ्यावर कारखान्याचें नांव वाचलें कीं पाहणाऱ्याचें समाधान होतें. आंकडा यादीशीं ताडून पाहिला कीं वर्षहि मिळतें, आणि शोध तेथेंच संपतो. परंतु यंत्र हें शिलालेखासारखें एकदां कोरून ठेवलेलें नसतें. तें वापरलें जातें, झिजतें, उघडलें जातें, दुरुस्त होतें. त्याचा एक भाग निकामी होतो आणि त्या जागीं दुसरा येतो. तीस-चाळीस वर्षें हातांत खेळलेल्या यंत्राचे सर्व अवयव एकाच दिवशीं जन्मास आले असतील, असें गृहीत धरणें धाडसाचें ठरतें.

लहान फिल्मवर चित्रें घेणारा जुना कॅमेरा हें ह्याचें उत्तम उदाहरण आहे. त्यांतहि जर्मनीचा ‘लायका’, त्याच्या नमुन्यावर युक्रेनमध्यें व रशियांत तयार झालेले ‘फेड’ व ‘झोर्की’, आणि ‘कॉन्टॅक्स’ व ‘कीव्ह’ ही जोडी, यांच्या इतिहासांत भागांची मिसळ तीन निरनिराळ्या कारणांनीं झालेली आढळते. कारखान्यानें आपल्याच जुन्या मालाला नवें रूप दिलें. युद्धानें एका देशाचे सुटे भाग दुसऱ्या देशांत नेले. आणि लोभानें एकाचें नांव पुसून त्या जागीं दुसऱ्याचें कोरलें. अशा तीन प्रकारांचे कॅमेरे कपाटांत शेजारीं शेजारीं ठेवले, तर नवख्या माणसाला त्यांत फारसा भेद दिसणार नाहीं. त्यांतील पहिला प्रामाणिक, दुसरा पराधीन आणि तिसरा लबाड आहे हें ओळखावयाचें, तर अंगावरचें नांव क्षणभर बाजूला ठेवून एकेका भागाची स्वतंत्र जबानी घ्यावी लागते.

जबानी ताडून पाहण्यासाठीं मोजपट्टी हवी, आणि ती लायकाच्या वंशावळींत मिळते. ऑस्कर बार्नाक (१८७९–१९३६) हा कुशल यंत्रकार १९११ सालीं वेट्झलार येथील एर्न्स्ट लाइट्स यांच्या कारखान्यांत दाखल झाला. हा कारखाना सूक्ष्मदर्शक यंत्रांबद्दल प्रसिद्ध होता. बार्नाकला छायाचित्रणाची हौस मोठी. पण त्याला दम्याचा विकार असल्यामुळें त्या काळचा कांचेच्या पट्ट्यांचा अवजड सरंजाम घेऊन हिंडणें झेपत नसे. १९१३-१४ च्या सुमारास त्यानें खिशांत मावेल असा कॅमेरा तयार केला. त्यासाठीं त्यानें नवी फिल्म निर्माण केली नाहीं. सिनेमाची ३५ मि. मी. रुंदीची फिल्म त्यानें घेतली, आणि तिच्यावरील १८ × २४ मि. मी. मापाच्या दोन चौकटी एकत्र करून २४ × ३६ मि. मी. मापाची एक चौकट ठरविली. ह्या घराण्याचा मूळपुरुषच अशा रीतीनें उसन्या सामग्रीवर उभा राहिला, ही गोष्ट पुढील हकीकतीच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

मध्यंतरीं पहिलें महायुद्ध आलें. १९२३ मध्यें सुमारें दोन डझन कॅमेरे केवळ चांचणीसाठीं तयार झाले. १९२४ सालीं दुसरे एर्न्स्ट लाइट्स यांनीं, देशाची आर्थिक स्थिति बिकट असतांहि, कारखान्यांत त्याचें उत्पादन सुरू करण्याचा निर्णय घेतला. आणि १९२५ च्या वसंतांत लाइपझिगच्या जत्रेंत लायका लोकांपुढें आला. ह्या पहिल्या कॅमेऱ्याचें भिंग माक्स बेरेक यानें सिद्ध केलेलें होतें. थोड्याच काळांत तें ‘एल्मार’ ह्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें.

पुढील पंधरा वर्षांत ह्या कॅमेऱ्याचें रूप पायरीपायरीनें पालटत गेलें. १९२५ च्या कॅमेऱ्यांत भिंग अंगाशीं कायमचें जडविलेलें होतें. विषयाचें अंतर मापण्याची अंगभूत सोय नव्हती. शटरचा वेग १/२० पासून १/५०० सेकंदापर्यंत होता. १९३० मध्यें भिंग काढतां-घालतां येऊं लागलें. १९३१ मध्यें, कोणतेंहि भिंग कोणत्याहि कॅमेऱ्यावर चालावें म्हणून, बैठकीपासून फिल्मपर्यंतचें अंतर २८.८ मि. मी. असें निश्चित झालें. १९३२ च्या दुसऱ्या लायकांत भिंगाशीं जोडलेला अंतरमापक आला. १९३३ च्या तिसऱ्या लायकांत मंद वेगांची तबकडी समोरच्या अंगाला बसली आणि पट्टा अडकविण्यासाठीं दोन्ही बाजूंस कड्या आल्या; काळा रंग व निकेल यांच्या जोडीला रुपेरी क्रोमचा मुलामाहि त्याच सुमारास आला. १९३५ मध्यें वेग १/१००० पर्यंत पोंचला. १९३८ मध्यें डोळा लावण्याच्या दोन खिडक्या एकमेकींच्या शेजारीं आणण्यांत आल्या. १९४० मध्यें पत्र्याच्या घडणीऐवजीं सांच्यांत ओतलेलें अंग आलें, आणि कॅमेऱ्याची लांबी सुमारें २.८ मि. मी. नें वाढली. ह्या तारखा पाठ असणाऱ्या माणसाच्या हातांत कॅमेरा आला म्हणजे त्याची बोटें त्या अंगावर वर्षेंच वाचीत जातात.

आतां एक प्रसंग कल्पावा. टेबलावर एक कॅमेरा आहे. माथ्यावर ‘एर्न्स्ट लाइट्स, वेट्झलार’ हीं अक्षरें आहेत, आणि क्रमांक पन्नास हजारांच्या आसपासचा आहे. क्रमांकांच्या यादीप्रमाणें हा आंकडा १९३० सालाकडे बोट दाखवितो. परंतु ह्याच कॅमेऱ्याला १९३२ चा अंतरमापक आहे, १९३३ ची मंद वेगांची तबकडी आहे, पट्ट्याच्या कड्या आहेत, आणि सर्वांगावर क्रोम आहे. जन्मवर्ष एक सांगावें आणि अवयव दुसरेंच सांगावेत, असा हा प्रकार. घाईनें निर्णय देणारा येथें ‘बनावट’ असा शेरा मारून मोकळा होईल, आणि तो बहुधा चुकेल.

कारण लाइट्स कारखान्याचीच तशी पद्धत होती. ज्यानें पहिल्या वर्षांत कॅमेरा घेतला, त्यानें नवी सोय निघाली म्हणून जुना टाकून द्यावा, असें कारखान्याला वाटत नव्हतें. मालकानें आपला कॅमेरा वेट्झलारला पाठवावा. कारखान्यानें त्यांत अंतरमापक बसवावा, मंद वेगांची योजना करावी, हवा असल्यास मुलामाहि नवा द्यावा, आणि ठराविक आकार घेऊन तो परत करावा, अशी ती व्यवस्था होती. ह्या सर्व फेरबदलांत मूळ क्रमांक मात्र कायम राखला जात असे. पहिल्या लायकाचा माथा सपाट. अंतरमापकाला जागा हवी म्हणून दुसऱ्या लायकाचा माथा उंच. अर्थात् रूपांतर करतांना माथ्याचें आवरण नवें घालावें लागे, आणि त्या नव्या आवरणावर जुना आंकडा पुन्हां कोरावा लागे. परिणाम असा, कीं ज्या धातूवर आंकडा आहे तो धातु आंकड्यापेक्षां लहान वयाचा! ज्याला सर्वजण जन्मपत्र समजतात तो भागच कॅमेऱ्याच्या नव्यांतला नवा भाग असूं शकतो.

ह्यावरून पारखीचा पहिला नियम निघतो. क्रमांक हा सगळ्या कॅमेऱ्याविषयीं बोलत नाहीं; तो ज्या भागावर कोरलेला आहे त्या भागाविषयीं, आणि तो कोरणाऱ्याच्या हेतूविषयीं बोलतो. दुसरा नियम असा, कीं जोडलेलें यंत्र हें त्यांतील सर्वांत नव्या भागापेक्षां जुनें असूं शकत नाहीं. वर कल्पिलेल्या कॅमेऱ्याचें अंग १९३० चें असेल, पण ज्या रूपांत तो आज समोर आहे तें रूप १९३३ च्या पूर्वींचें असणें शक्य नाहीं. ‘१९३० चा कॅमेरा’ असें म्हणणारा अर्धें सांगतो. ‘१९३३ चा कॅमेरा’ म्हणणाराहि अर्धेंच सांगतो. एकाच यंत्राच्या आयुष्यांतील त्या दोन तारखा आहेत.

भिंगाची जबानी ह्याहून बारकाईची असते. १९३० मध्यें भिंग सुटें झालें खरें, पण प्रमाणित अंतर ठरेपर्यंत प्रत्येक भिंग त्याच्या त्याच्या कॅमेऱ्याला जुळवून द्यावें लागत असे. आणि अशा भिंगावर त्या कॅमेऱ्याच्या क्रमांकांतील शेवटचे तीन आंकडे कोरले जात. प्रमाण ठरल्यावर बैठकीच्या वरच्या कडेला शून्याची खूण येऊं लागली. म्हणून त्या काळच्या कॅमेऱ्यावरील भिंग काढून मागें पाहावें. तेथें तीन आंकडे आहेत, ते माथ्यावरील आंकड्यांशीं जुळत नाहींत, आणि बैठकीवर शून्यहि नाहीं, असें दिसलें तर हीं दोन्हीं खरींखुरीं लाइट्सचीं असूनहि परस्परांना परकीं आहेत, असें समजावें. एखाद्या दुकानांत दोन मोडक्या कॅमेऱ्यांचा एक चालू कॅमेरा करण्यांत आला असेल. त्यांत फसविण्याचा हेतु असेलच असें नाहीं; पण अशा जोडींत चित्र अस्पष्ट येण्याचा संभव असतो, आणि ‘मूळ भिंगासह’ असें वर्णन तर सर्वस्वीं खोटें ठरतें.

येथपर्यंतची मिसळ एकाच घरांतली होती. आतां गोष्ट वेट्झलारहून पूर्वेला, युक्रेनमधील खार्कोव्ह शहरीं जाते. रशियांतील राज्यक्रांति, यादवी युद्ध आणि दुष्काळ यांनंतर लक्षावधि मुलें निराधार होऊन रस्त्यावर आलीं होतीं. त्यांतील कांहीं मुलामुलींसाठीं १९२७ च्या अखेरीस खार्कोव्ह येथें एक श्रमवसाहत उघडण्यांत आली, आणि सोव्हिएट गुप्त पोलिसांचा संस्थापक फेलिक्स एद्मुंदोविच् झेर्झिन्स्की याचें नांव तिला देण्यांत आलें. तिचा चालक आन्तोन माकारेन्को (१८८८–१९३९) हा पेशानें शिक्षक होता. अभ्यास आणि उत्पादक काम हीं दोन्हीं एकत्र चालवून मुलांना स्वाभिमान द्यावा, हें त्याच्या पद्धतीचें सूत्र होतें. मुलांनीं प्रथम लांकूडकाम व तत्सम साधे व्यवसाय केले; पुढें विजेवर चालणारीं भोंकें पाडण्याचीं यंत्रें केलीं; आणि त्यानंतर दुसऱ्या लायकाचा नमुना समोर ठेवून कॅमेरा करण्यास घेतला. १९३४ पासून तो नियमितपणें तयार होऊं लागला. झेर्झिन्स्कीच्या नांवाचीं आद्याक्षरें घेऊन त्याला ‘फेड’ म्हणूं लागले. प्रारंभींच्या फेडच्या माथ्यावर ह्या आद्याक्षरांबरोबर श्रमवसाहतीचें नांव व खार्कोव्ह शहराचें नांवहि कोरलेलें असे.

ही नक्कल मूळ कारखान्याच्या संमतीनें झालेली नव्हती, हें खरें. परंतु तिनें आपलें नांव लपविलें नव्हतें, हेंहि तितकेंच खरें. जीं मुलें कांहीं वर्षांपूर्वीं रेल्वेच्या स्थानकांवर झोंपत होतीं, तीं मिलिमीटरच्या शतांश भागाची काळजी घेणारें यंत्र करूं लागलीं, आणि त्यावर आपल्या वसाहतीचें नांव घालूं लागलीं. १९४१ च्या ऑक्टोबरांत जर्मन सैन्यानें खार्कोव्ह घेतलें. त्यापूर्वीं कारखान्याची सामग्री दूर पूर्वेकडे हलविण्यांत आली होती. युद्धानंतर १९४८ मध्यें मॉस्कोजवळील क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यांतहि हाच कॅमेरा तयार होऊं लागला. तेथल्या पहिल्या कॅमेऱ्यांवर ‘फेड’ व ‘झोर्की’ अशीं दोन्हीं नांवें असत. पुढें ‘झोर्की’ एवढेंच राहिलें. जपानमधील कॅनन, इंग्लंडांतील रीड यांसारख्या कंपन्यांनींहि लायकाच्या वळणाचे कॅमेरे केले. हे सर्व स्वतःच्या नांवानें बाजारांत आले. दिसण्यांत साम्य असणें हा कांहीं गुन्हा नव्हे.

गुन्हा पुढें झाला. फेड व झोर्की हे लाखांनीं तयार झालेले आणि स्वस्त. लायका तुलनेनें दुर्मिळ आणि महाग. ह्या दोन किंमतींमधील दरीनें बनावटीचा धंदा निर्माण केला. फेडचें किंवा झोर्कीचें आवरण घांसावयाचें, त्यावर लाइट्सचें नांव व एखादा सोईस्कर आंकडा कोरावयाचा, रंग किंवा मुलामा नवा द्यावयाचा, कीं जुना लायका तयार! १९९१ सालीं सोव्हिएट संघाचें विसर्जन झाल्यानंतर असा माल युरोपच्या बाजारांत विपुल दिसूं लागला. कांहींवर जर्मन वायुदलाची किंवा नौदलाची मुद्रा, कांहींवर १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचीं वर्तुळें, कांहींवर सोनेरी मुलामा आणि सापाच्या कातड्याचें वेष्टण, असे निरनिराळे वेष त्याला देण्यांत आले.

सुदैवानें वेष बदलणारा माणूस ज्याप्रमाणें आपल्या चालीनें ओळखूं येतो, त्याप्रमाणें हा कॅमेराहि आपल्या आंतल्या अवयवांनीं ओळखूं येतो. भिंग फिरवून काढावें, आणि त्या वाटोळ्या तोंडांतून आंत पाहावें. भिंग पुढें-मागें होतांना त्याच्या मागील कडेला टेकून अंतरमापकाला हालचाल देणारी एक दांडी तेथें दिसते. खऱ्या लायकांत ह्या दांडीच्या टोंकाला फिरणारें लहानसें चाक असतें. फेड व झोर्की यांत तें टोंक घट्ट, जिभेच्या आकाराचें असतें. नांव कोरणाऱ्याला ही दांडी बदलण्याचे कष्ट सहसा परवडत नाहींत. नंतर भिंगाकडे वळावें. एल्मारची नक्कल म्हणून दाखविलेलें सोव्हिएट भिंग बाहेरून हुबेहूब दिसतें. पण एल्मारमध्यें प्रकाश कमीजास्त करणारा पडदा पहिल्या व दुसऱ्या कांचेच्या मध्यें असतो, आणि सोव्हिएट भिंगाची घडण झाइसच्या टेसार भिंगाच्या वळणाची असल्यामुळें त्यांत तो दुसऱ्या कांचेच्या मागें असतो. समोरून नीट पाहिलें तर पडद्याच्या पात्या किती खोल आहेत एवढ्यावरूनच भेद कळतो. लायकाच्या बैठकीचे आटे सुद्धां कांहीं सांगतात. कारखाना जर्मन, व्यास ३९ मि. मी., पण आटे मात्र इंग्रजी मापानें एका इंचांत २६ असे आहेत. एखादें भिंग दोन फेरे सहज जाऊन मग अडखळूं लागलें, तर त्याचे आटे दुसऱ्या मापाचे असावेत, अशी शंका घेण्यास जागा आहे.

यांत्रिक पुराव्याहूनहि कधीं कधीं इतिहासाचा पुरावा बलवत्तर ठरतो. बनावट करणारा हातानें निपुण असतो. तारखांच्या बाबतींत तो बहुधा कच्चा असतो. जर्मन वायुदलाला खरोखर पुरविलेले लायका ठाऊक आहेत. पण ते प्रामुख्यानें युद्धकाळांतले, म्हणजे १९४० नंतरच्या ओतीव, लांब अंगाचे आहेत. वायुदलाची मुद्रा मिरविणारें अंग जर जुन्या, आंखूड, पत्र्याच्या घडणीचें असेल, तर मुद्रा एक काळ सांगते आणि अंग दुसरा. सोनेरी लायकाचेंहि तसेंच. सरड्याच्या जातीच्या प्राण्याचें कातडें मढविलेला सोनेरी ‘लक्सस’ लाइट्सनें १९२९ पासून थोड्या वर्षांत काढला. त्याची संख्या शंभराच्या आंत, ९५ एवढीच मानली जाते. आणि तो पहिल्या लायकावर आधारलेला असल्यामुळें त्याला अंतरमापक नव्हता. बाजारांत जे सोनेरी ‘लायका’ अंतरमापकासह झळकतात, त्यांपैकीं बहुतेकांचें पितळ एवढ्या एका प्रश्नानें उघडें पडतें.

तिसरा प्रकार ह्या दोहोंहून निराळा, आणि निर्णय देण्यास सर्वांत अवघड. लायकाचा मोठा प्रतिस्पर्धी कॉन्टॅक्स. ड्रेस्डेनच्या झाइस इकॉन कंपनीनें तो १९३२ मध्यें काढला, आणि १९३६ मध्यें त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ति आणली. लायकाचें शटर कापडाचें व आडवें सरकणारें; कॉन्टॅक्सचें धातूच्या पट्ट्यांचें व उभें सरकणारें. १९४५ च्या फेब्रुवारींत बॉंबवर्षावानें ड्रेस्डेन भाजून निघालें. युद्ध संपल्यावर सोव्हिएट संघानें जर्मनीकडून नुकसानभरपाई म्हणून यंत्रसामग्री घेण्यास सुरुवात केली. कॉन्टॅक्सची सामग्री व सुटे भाग येना येथें पुन्हां जुळविण्यांत आले, आणि तेथून तें सर्व कीव्हच्या ‘आर्सेनल’ ह्या जुन्या कारखान्याकडे गेलें. ऑक्टोबर १९४६ मध्यें येनांतील झाइसचे कित्येक जर्मन तज्ज्ञहि सोव्हिएट संघांत नेण्यांत आले. कीव्हच्या कारखान्यांतून निघालेल्या पहिल्या कॅमेऱ्यांत जर्मनीहून आलेले भाग होते. नांव होतें ‘कीव्ह’. त्यांच्यासाठीं क्रास्नोगोर्स्क येथें जर्मन कांचेपासून केलेल्या भिंगावर ‘झे-का’ अशीं अक्षरें असत. कॉन्टॅक्सच्या ‘झोन्नार’ भिंगाचाच तो पुनर्जन्म होता.

हा कॅमेरा जर्मन म्हणावा कीं सोव्हिएट? पितळ जर्मन, कांच जर्मन, आराखडा जर्मन. जुळविणारे हात कीव्हचे आणि नांव कीव्हचें. येथें कोणीं आंकडा खोडला नाहीं कीं कोणीं खोटें नांव कोरलें नाहीं. कीव्हच्या क्रमांकांतील पहिले दोन आंकडे वर्ष दाखवितात, म्हणून ४८ नें आरंभ होणारा कॅमेरा १९४८ चा, हें सरळ वाचतां येतें. पण तो ज्या भागांचा झाला ते भाग त्यापूर्वीं दुसऱ्या देशांत, दुसऱ्या राजवटींत, दुसऱ्याच ग्राहकासाठीं घडविलेले असूं शकतात. पुढें कीव्हचें उत्पादन स्थानिक भागांवर १९८० च्या दशकापर्यंत चालू राहिलें. आणि दोन्ही कॅमेऱ्यांचे भाग एकमेकांत बरेचसे बसत असल्यामुळें, जुन्या कॉन्टॅक्सचा एखादा भाग निकामी झाला म्हणजे दुरुस्त करणारे कारागीर कीव्हचा भाग त्याला लावूं लागले. अशा रीतीनें जर्मन भाग कीव्हमध्यें गेले, आणि कीव्हचे भाग परत जर्मन कॅमेऱ्यांत आले. एकाच वंशाच्या दोन शाखा दुरावून पुन्हां एकमेकींत मिसळाव्या, तसें हें झालें.

ह्या तिन्ही प्रकारांना लागू पडणारी रीत मराठी वाचकाला परकी वाटूं नये. एखादी जुनी सनद खरी कीं बनावट हें ठरवितांना आपल्याकडील इतिहाससंशोधक केवळ शिक्का पाहून थांबत नाहींत. कागद, शाई, अक्षराचें वळण, मायना आणि तिथि हीं सर्व स्वतंत्रपणें तपासून तीं एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं हें पाहतात. सनदेचा खरा कागद कोरा मिळवून त्यावर पुढें कोणीं मजकूर लिहिलेला असूं शकतो. उलट अस्सल सनद फाटली म्हणून मागून नवा कागद चिकटविलेला असूं शकतो. दोहोंतहि मिसळ आहे, पण एका ठिकाणीं ती जपण्यासाठीं आहे व दुसऱ्या ठिकाणीं ठकविण्यासाठीं. कॅमेऱ्याच्या बाबतींत हाच विवेक करावयाचा असतो. भाग बदलला आहे काय, हा पहिला प्रश्न. कोणीं व कशासाठीं बदलला, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मिळेपर्यंत ‘खरा’ किंवा ‘खोटा’ हे शब्द उच्चारूं नयेत.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें एक उत्तर पैशांत आहे. जून २०२२ मध्यें १०५ क्रमांकाचा एक लायका लिलांवांत १ कोटि ४४ लक्ष युरोंना विकला गेला. तो १९२३ च्या चांचणीच्या मालिकेंतील होता, आणि स्वतः ऑस्कर बार्नाकच्या वापरांतला होता. त्याच्या दर्शकावर बार्नाकचें नांव कोरलेलें होतें. त्या किंमतीचा फार मोठा वाटा तो कॅमेरा कोणाचा होता ह्या एका गोष्टीला मिळाला. ओळखीला जेथें असें मोल येतें, तेथें खोटी ओळख तयार करणारेहि असतात. आणि त्यांच्या जाळ्यांत सांपडतो तो लक्षाधीश सहसा नव्हे, तर बाजारांत हौसेनें गेलेला बेताच्या मिळकतीचा माणूस.

दुसरें उत्तर अधिक महत्त्वाचें आहे. खार्कोव्हच्या फेडवर लाइट्सचें नांव कोरावयाचें तर आधीं तेथें असलेलें नांव घांसून काढावें लागतें. तें नांव निराधार मुलांच्या वसाहतीचें आहे. म्हणजे एका लायकाची भर पडली असें वरून दिसतें, तेव्हां प्रत्यक्षांत एक फेड नाहींसा झालेला असतो. कधीं कधीं तिरप्या उजेडांत जुन्या अक्षरांची पुसट रेघ घांसलेल्या पत्र्यावर दिसते. बहुतेक वेळां तीहि उरत नाहीं. त्या मुलांनीं केलेल्या कामाचा जो पुरावा जगांत शिल्लक आहे, त्यांतला एक तुकडा त्या क्षणीं कायमचा संपतो. ठकलेल्या ग्राहकाचे पैसे एखादे वेळीं परत मिळतील. घांसलेलीं अक्षरें परत येत नाहींत.

ह्याच कारणासाठीं जोडकामाचा कॅमेरा ‘शुद्ध’ करण्याचा मोहहि टाळावा. वेट्झलारनें नवें रूप दिलेला लायका पुन्हां १९३० च्या रूपांत आणणें, किंवा कॉन्टॅक्समधून कीव्हचा भाग काढून त्या जागीं दुसऱ्या मोडक्या कॉन्टॅक्सचा भाग बसविणें, यांत पावित्र्य कांहीं साधत नाहीं. मालकानें जुना कॅमेरा जपला, तो कारखान्याकडे पाठविला, कारखान्यानें त्याचा क्रमांक राखला, ही जी हकीकत त्या अंगावर लिहिलेली होती ती मात्र पुसली जाते. संग्राहकानें करावें तें इतकेंच, कीं वर्णनाच्या कागदावर एकच नांव लिहिण्याऐवजीं भागवार नोंद करावी: अंग अमुक कारखान्याचें, सुमारें अमुक सालचें, माथा नंतर बदललेला, क्रमांक मूळचाच ठेवलेला, अंतरमापक अमुक सालानंतरचा, भिंग दुसऱ्या कॅमेऱ्यासाठीं जुळविलेलें, शेवटची जोडणी अमुक सालापूर्वींची नव्हे. ही नोंद विक्रीच्या जाहिरातींत शोभणार नाहीं, पण पुढें तो कॅमेरा ज्याच्या हातीं जाईल त्याला तो उघडून पुन्हां आरंभापासून शोध करावा लागणार नाहीं.

घांसलेला फेड सांपडला, तर त्याच्याहि कागदावर त्याचें नांव लिहावें. माथ्यावर लाइट्सचें नांव आहे, तें मागाहून कोरलेलें आहे. आंतील दांडी, भिंग व घडण खार्कोव्हची आहे, अशी सरळ नोंद करावी. पत्र्यावरून गेलेलें नांव तेवढ्यानें पत्र्यावर परत येणार नाहीं, परंतु तें कागदावर राहील, आणि ज्या हातांनीं तो कॅमेरा घडविला त्यांच्या खात्यावर तो पुन्हां मांडला जाईल.